पट्टेवाला

समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "याचा ठेका कोनाकडं हाये गा?"

मालवणच्या जेटीवर आम्ही बोटीची वाट बघत उभे होतो. प्रश्न मला नव्हता, दोर गुंडाळत बसलेल्या एका पोराला होता. बावीस-तेवीसचा असेल. त्याला आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं, की आमच्याकडं तलावाचा ठेका असतो. संस्था पैसे भरते, काही वर्षांसाठी तलाव घेते आणि तेवढी वर्षं त्यातला मासा संस्थेचा. त्यानं मान वळवून समुद्राकडं बघितलं, मग हसला. "सरकार म्हणता आमचो, आमी म्हणतंव आमचो. आता तुमीच सांगा काका, कोणाचो?"

"म्हंजे आमच्यासारखंच हाये," बाबा म्हणाले आणि त्यांनी खर्र्याची पुडी काढली.

आम्ही ढिवर. गाव गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात, वैनगंगेपासून सायकलनं वीस मिनिटांवर. गावाला एक मामा तलाव आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून गंमत वाटते, पण मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. जुन्या काळी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडं आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ते गावोगाव आहेत. पाणी धानाला, गाळ ज्याला पाहिजे त्याला आणि मासा ठेकेदार संस्थेला, अशी वाटणी. बाबा त्या संस्थेचे सभासद. आजोबाही होते. मी नाही, कारण मी पुण्याला एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर स्टिकर लावते.

बाबांना समुद्र दाखवायचा हे माझ्या डोक्यात लहानपणापासून होतं, आणि त्याचं कारण झिंगा. बाबा सांगायचे की वैनगंगेतला मोठा झिंगा 'खालून' येतो. खालून म्हणजे कुठून ते त्यांना सांगता यायचं नाही. त्यांच्या बापानं सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा तो झिंगा मला पुस्तकात भेटला. मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. त्याच्या अगदी बारक्या पिल्लांना नदीच्या मुखाजवळचं मचूळ पाणी लागतं. तिथं ती जरा मोठी होतात, आणि मग प्रवाहाच्या उलट चढत शेकडो किलोमीटर आत येतात. म्हणजे वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. हा सगळा रस्ता उलटा चालून तो झिंगा आमच्या गावाच्या घाटाला लागायचा. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग, मी काय सांगत होतो?"

आता तो येत नाही. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा तर १८५२पासूनच आहे. पण नंतर खाली मेडिगड्डा झालं, आमच्या खालच्या अंगाला चामोर्शीकडं चिचडोह झाला, वरच्या अंगाला गोसेखुर्द. आला तर बोटाएवढा येतो, आणि बाबा तो बघून परत पाण्यात टाकतात. दयेनं नाही. "भाजीले बी पुरत नाई," म्हणतात.

तर ठरलं. २०२४च्या एप्रिलमध्ये १९ तारखेला आमच्याकडं लोकसभेचं मतदान होतं, मी त्यासाठी गावी गेलेच होते. परत येताना बाबांना सोबत घेतलं. आई आली नाही. "मोहफूल टाकून कोठी येऊ?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता. नागपूरहून मडगावची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरलो. अख्ख्या प्रवासात बाबांनी खिडकी सोडली नाही. कोकणातला एकेक बोगदा गेला की म्हणायचे, "एवढा डोंगर फोडला, पन तलाव एक नाई बांधला."

एक गोष्ट मला गाडीत बसल्यावर सुचली. मी बाबांना चुकीच्या समुद्राला नेत होते. आमचं पाणी पूर्वेला जातं आणि मालवण पश्चिमेला. मी तसं सांगितलंसुद्धा. बाबांनी थोडा विचार केला. "पानी तं पानीच हाये," म्हणाले. तिकिटंही काढलेली होती.

बोट निघाली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळून वळसा घेऊन एका खडकाळ भागात जायचं, तिथं गळाभर पाण्यात उतरायचं, डोळ्यांना मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि रबरी ट्यूबला लटकून खाली बघायचं, असा तो कार्यक्रम. माणशी काही शे रुपये, व्हिडिओ वेगळा. बोटीत पुण्या-कोल्हापूरची दोन कुटुंबं होती आणि आम्ही.

दोरवाला पोरगा आता गाइड झाला होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे म्हटल्यावर सगळे विचारतात तेच त्यानंही विचारलं : वाघ बघितलाय का? बाबा म्हणाले, "वाघानं आमाले पाह्यलं हाये." हे विनोदानं नव्हतं. आमच्या बाजूला गेल्या काही वर्षांत मोह वेचायला, सरपणाला गेलेली माणसं परत आली नाहीत असं वारंवार होतं. आईला फुलं वेचायला पहाटे जाऊ देत नाहीत बाबा. तिला एकटीला तर नाहीच.

"मग ऐका," पोरगा म्हणाला. "वाघाक जो कायदो, तोच हयच्या पोवळ्याक."

ते खरं आहे. मी नंतर तपासलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, आणि २००१ साली त्याच अनुसूचीत भिंती बांधणारी प्रवाळं घातली गेली. तोडलंत, नेलंत तर गुन्हा तोच.

"वाघ मानूस खाते," बाबा म्हणाले. "हे काय खाते?"

"पाय कापता, काका."

बोटीत सगळे हसले. बाबा नाही हसले. त्यांना पुढचं विचारायचं होतं : मग इथं मासे धरू देतात का? पोराचा चेहरा जरा बदलला. मालवणच्या आसपासचा एकोणतीस चौरस किलोमीटर समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याच्या भोवतालचा तीनएक चौरस किलोमीटर त्याचा गाभा. जाहीर करताना आम्हाला कोण विचारलं, असं म्हणत इथल्या मच्छीमारांनी विरोध केला, आणि तो विरोध पुढं कैक वर्षं चालू राहिला. पोरगा स्वतः रापणकरांच्या घरातला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. आजा रापण ओढायचा, बाप ट्रॉलरवर खलाशी होता आणि हा पर्यटकांना मासे दाखवतो. "मासो धरण्यापेक्षा दाखवण्यात पैसे जास्त," तो म्हणाला. माझा मामेभाऊ ताडोबाच्या बफरमधल्या एका गेटवर जिप्सी चालवतो. तो हेच वाक्य वाघाबद्दल म्हणतो, शब्दाला शब्द.

पाण्यात उतरायच्या आधी एक अडचण आली. बाबांच्या तोंडात खर्रा होता आणि नळी तोंडात धरायची तर तो थुंकावा लागणार. समुद्रात थुंकायला बाबा तयार नव्हते. तलावात थुंकत नाहीत ते. शेवटी कोल्हापूरच्या काकूंनी वेफर्सचं रिकामं पाकीट दिलं.

विषय निघालाच आहे तर खर्र्यातल्या चुन्याबद्दल सांगते, कारण लोक म्हणतात की चंद्रपूर-गडचिरोलीचा आणि समुद्राचा काय संबंध. माझा भाऊ चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडं एका सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. तो सगळा पट्टा चुनखडीवर बसलाय. कोरपना, राजुरा, खाली पैनगंगेपर्यंत. ती चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचली. तेव्हा मासे नव्हते, प्रवाळ नव्हतं, डोळा असलेला एकही जीव नव्हता. उथळ पाण्यात फक्त सूक्ष्मजीवांचे चिकट थर होते. ते चुन्याचे कण धरून थरावर थर चढवायचे आणि त्यांचे घुमटासारखे दगड व्हायचे. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात ते सापडतात. प्रवाळ आज समुद्रात जे करतं, म्हणजे पाण्यातला चुना काढून घर बांधायचं, ते काम आमच्याकडं आधी होऊन गेलंय. आता त्याच्या गोण्या भरून ट्रक जातात. बाबांच्या पुडीतला चुनाही असाच कुठल्यातरी समुद्राचा तळ असणार.

मास्क लावून मी डोकं पाण्यात घातलं. आधी तर निराशाच झाली. रील्समध्ये दिसतं तसं निळंशार काही नव्हतं. हिरवट पाणी, तांदूळ धुतल्यासारखं, दोन हातांपलीकडं धूसर. प्रवाळ म्हणजे रंगीबेरंगी झाडं असतील असं वाटलं होतं. इथं शेवाळी-तपकिरी दगड, त्यांच्यावर मेंदूसारख्या वळ्या. मधेच एखादा पांढरा पडलेला तुकडा. पोरानं वर सांगितलं होतं की उन्हाळा जास्त तापला की असं होतं. प्रवाळाच्या अंगात एक बारीक शैवाल राहतं, ते उन्हात अन्न बनवतं आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि तसंच राहिलं, की प्रवाळ त्या भाडेकरूला बाहेर काढतं. मग रंग जातो, आणि तापलेलं पाणी लवकर निवलं नाही तर जीवही जातो. आम्ही मालवणला पोचायच्या दहाएक दिवस आधीच अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेनं जाहीर केलं होतं की जगभर प्रवाळं पांढरी पडण्याची ही चौथी लाट आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त हाडासारखा एक तुकडा दिसला आणि मी नजर वळवली.

मग मासे दिसले. तळहाताएवढे, चापट, पाठीवर पिवळी झाक आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे. दहा-बारा होते, नंतर जास्त. गाइड त्यांना 'सार्जंट' म्हणत होता. हवालदाराच्या बाहीवर पट्ट्या असतात तशा, म्हणून इंग्रजीत सार्जंट मेजर. मी मनात त्यांचं नाव पट्टेवाला ठेवलं. एकतर आम्ही वाघाच्या मुलखातले, आणि दुसरं म्हणजे जुन्या कचेरीतला पट्टेवाला शिपाई दाराशी जसा उभा असतो तसा त्यातला एक उभा होता.

तो इतरांसारखा नव्हता. पिवळा रंग गेलेला, अंग निळसर काळपट, पट्टे त्यात बुडालेले. एका तिरक्या खडकाला लागून हातभर जागेत तो अर्धगोल फिरत होता. या टोकाला, त्या टोकाला, परत. खडकावर ताटलीएवढा डाग होता, जांभूळ चिरडल्यासारखा. तो मधेच त्या डागाशी तिरका व्हायचा आणि पंखांनी वारा घातल्यासारखं करायचा. एक दुसरा मासा जवळ आला, तर हा गोळीसारखा त्याच्या अंगावर गेला आणि तितक्याच वेगानं परत जागेवर. एकदा माझ्या मास्कवरही आला. वीतभर मासा, आणि मी घाबरून ट्यूब ओढली.

बाबांचं डोकं बराच वेळ पाण्याखाली होतं. मी दोनदा त्यांचा खांदा हलवला. शेवटी ते वर आले, नळी काढली, खारं पाणी थुंकले आणि म्हणाले, "पोरं राखून रायला तो."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. मला तो डाग म्हणजे शेवाळ वाटलं होतं.

पुढं जे झालं ते दोन मिनिटांत झालं. गाइडबरोबर एक कॅमेरावाला होता. त्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक बिस्कीट ठेवलं. "हात पुढं करा मॅडम, बारीक करून सोडा, कॅमेऱ्यात बघा." मी तसं केलं. काय झालं ते तुम्ही अशा शंभर व्हिडिओंमध्ये बघितलंय. कुठून कुठून मासे आले, माझ्या बोटांना तोंडं लागली, गुदगुल्या झाल्या, मी नळीतून हसले. पाण्यात नळीतून हसलं की बदकासारखा आवाज येतो. बिस्किटाचा भुगा खाली जात होता आणि भुग्यामागं मासे. भुगा संपला तेव्हा ते सगळे त्या तिरक्या खडकापाशी होते.

पट्टेवाला एकाच्या मागं धावला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं पाच-सहा जण त्या डागावर बसले. तो परत आला, त्यांना हाकललं, तर पहिल्या बाजूनं दुसरे. त्यांत त्याच्याच जातीचे पिवळे पट्टेवालेही होते. तो वेडापिसा होऊन गोल गोल फिरत होता आणि त्याच्या पाठीमागं डाग उजळत चालला होता, पाटीवर ओल्या बोटानं पुसल्यासारखा. मग कुणीतरी पाय आपटले, गर्दी पांगली. डाग अर्धा राहिला होता. तो परत आपल्या जागेवर आला आणि या टोकाला, त्या टोकाला फिरू लागला. मधेच थांबून उरलेल्यांना वारा घालू लागला.

मी बाबांकडं बघितलं. त्यांचं बिस्कीट त्यांच्या मुठीत होतं. मूठ उघडली नव्हती. तर्जनीवर मतदानाची शाई, आणि बोटांच्या फटींतून बिस्किटाचा लगदा हळूहळू बाहेर येत होता. तो त्यांनी दाबून धरला होता.

बोटीत चढल्यावर मी गाइडला म्हटलं, की ते खायला घालणं बंद करा. तो चिडला नाही. त्यानं पायातली रबरी पंखं काढली, आपटून पाणी झाडलं. "ताई, आमका माहीत नाय असा नाय. पण मासो दिसलो नाय तर लोक पैसे परत मागतत." पुण्याच्या काकांनी लगेच विचारलं की व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर कधी येणार.

संध्याकाळी आम्ही जिथं उतरलो होतो त्या घराच्या पडवीत बसलो. घरवाल्या काकूंनी सुरमई तळली होती. बाबांनी ती खाल्ली आणि मत दिलं : काटे कमी, चव बरी, पण तलावाच्या माशाचा गोडवा नाही. मग मी फोनवर त्या माशाबद्दल वाचत बसले आणि वाचलेलं त्यांना सांगत गेले. नाव अबुडफडफ. ते ठेवलं फोर्स्कोल नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं. डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेत तो होता. १७६३ साली येमेनमध्ये हिवतापानं गेला. त्याची टिपणं सोबत्यानं १७७५ साली छापली, त्यात हे नाव आलं. अरबीत 'अबू' म्हणजे बाप. नावाच्या आधी लागला की त्याचा अर्थ 'अमुक असलेला' असा होतो हे खरं, पण शब्द बापाचाच. आणि या जातीत खरंच बाप राखतो. नर खडक साफ करतो, मादी अंडी चिकटवते आणि निघून जाते. त्यानंतर आठवडाभर तो तिथंच. रंगही त्या दिवसांतच असा काळवंडतो. आपण 'फाइंडिंग निमो' बघितलेलं असतं, त्यातला बाप याच कुळातला. टोळीनं येऊन घरटं लुटणं हेही संशोधकांनी कितीतरी ठिकाणी नोंदवलंय. आमचं बिस्कीट नसतं तरी कधीतरी झालं असतं, असं मला त्यातून वाचून काढायचं होतं बहुतेक.

"मंग? पोरं फुटल्यावर?" बाबांनी विचारलं.

"अंधार पडला की फुटतात. आणि लगेच वर जातात, उघड्या समुद्रात. काही आठवडे वाहत राहतात. तरंगणाऱ्या गवताच्या, लाकडाच्या आडोशाला वाढतात. मग जो खडक मिळेल तिथं उतरतात."

"बापापाशी येत नाई?"

"आलं तरी कळणार कसं?"

"मंग काहून राखते?"

मला उत्तर येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांना. मी ते सांगितलं नाही.

बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी मरळीचा विषय काढला. मला तो यायला नको होता, आणि तो येणार हे मला मुठीतलं बिस्कीट बघितल्यापासून माहीत होतं.

तुम्ही मरळ खाल्ली असेल तर ती हॉटेलात, मेन्यूतल्या सगळ्यात महाग ओळीत. साप-तोंडाचा, लांबट, चिवट मासा. हवेतला श्वास घेतो, म्हणून बाजारात तासन् तास जिवंत राहतो, म्हणून भाव. पावसाळा लागला की मरळ तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात, गवतात जागा करते. अंडी वर तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात. मग नर-मादी दोघंही, जास्त करून नर, महिनाभर पिल्लांच्या खाली फिरतात. पिल्लं तांबडी-नारिंगी असतात, शेकड्यांनी. सगळी एका पुंजक्यात राहतात आणि श्वासाला सारखी वर येतात, म्हणून लांबून बघितलं की पाण्यावर पळसाची फुलं पडून उकळतायत असं वाटतं. त्या पुंजक्याखाली मोठी मरळ असणारच. गळाला जिवंत बेडकी लावून पुंजक्याच्या मधोमध सोडली, की भुकेनं नव्हे, रागानं ती तोंड मारते. जगात मरळ धरायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. म्हणूनच आमच्या संस्थेत कागदावर नसलेला एक नियम आहे : पोरांवरची मरळ धरायची नाही. हा नियम मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होता.

२०१६च्या जुलैमध्ये माझा गडचिरोलीच्या कॉलेजात नंबर लागला. होस्टेलची अनामत, फी, पुस्तकं. आईनं बचत गटातून उचल घेतली. त्या आठवड्यात बाबा चार पहाटे लवकर उठून गेले. त्यांनी चार जोड्या काढल्या. कुणी बघू नये म्हणून संस्थेच्या काट्यावर न नेता त्या बादलीत घालून, वर ओलं पोतं टाकून, सायकलला लटकवून मी आरमोरीच्या बाजारात नेल्या. बादलीत त्या धडका मारत होत्या. हँडल सारखं डावीकडं ओढलं जायचं. परत येताना मी तलावाच्या पाळीवर थांबले होते. एक पुंजका दिसला, खाली कुणी नसलेला. दुसऱ्या दिवशी तो अर्धा झाला होता, बांधावर दोन खंड्या बसले होते. तिसऱ्या दिवशी पाणी सपाट.

पडवीत बाबा म्हणाले, "तुले माहीत होतं? त्या पोरांवरच्या होत्या म्हून?"

"हाव," मी म्हटलं.

"मंग तवा काहून नाई बोलली?"

"फी भरायची होती."

आठ वर्षांत आम्ही हे पहिल्यांदा बोललो. खाली समुद्राचा आवाज येत होता. घरवाल्या काकूंनी आतून विचारलं, "काका, सोलकढी व्हयी?" बाबांना सोलकढी म्हणजे काय ते कळलं नाही. तरी ते हो म्हणाले, एका दमात प्यायले आणि तोंड वाकडं करून पेला माझ्याकडं दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खोलीत नव्हते. शोधत किनाऱ्यावर गेले तर तिथं रापण ओढणं चाललं होतं आणि दोराला लागलेल्या माणसांत मधोमध बाबा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. भाषा एकमेकांची निम्मीच कळत असावी. जाळं वर आलं, मासळीचे वाटे झाले, आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो म्हणून त्यांनाही मिळाला, दोन ओंजळी बारकी मासळी. ती त्यांनी काकूंना दिली. त्या दिवसभर खूश होते. त्या तेवढ्या तासात त्यांनी ठेक्याची, संस्थेची, डिझेलची, ट्रॉलरची आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीची सगळी माहिती काढली होती. दोन महिने मासा धरत नाहीत, कारण तेव्हा तो अंड्यावर असतो. "कायदा हाये त्याइचा. कागदावर," ते म्हणाले.

व्हिडिओ तिसऱ्या दिवशी आला. तीस सेकंदांचा, मागं हिंदी गाणं. त्यात मी आहे, डोळे मोठे, हात पुढं, हाताभोवती माशांचा ढग. मी तो स्टेटसला ठेवला. खूप जणांनी बघितला. ऑफिसात विचारलं की पॅकेज कितीचं होतं. उजव्या कोपऱ्यात बाबांची बंद मूठ दिसते, नखावर शाईची रेघ. आणि तिच्याही मागं, धूसर, थांबून थांबून बघितलं तर कळतं, एक काळपट मासा खडकाच्या या टोकापासून त्या टोकाला जातोय. एकोणिसाव्या सेकंदाला तो कुणाच्या तरी मागं धावतो. विसाव्या सेकंदाला व्हिडिओ कट होऊन परत माझा चेहरा येतो.

जुलैत बाबांचा फोन आला. पाऊस चांगला झाला होता, तलाव भरत आला होता. म्हणाले, तो व्हिडिओ धाड. संस्थेची मीटिंग होती. नवीन पोरं पोरांवरच्या मरळी काढतायत, मोटरसायकलवरून येऊन गळ टाकतायत, त्यावर बोलायचं होतं. मी पाठवला. रात्री परत फोन केला, काय झालं विचारायला.

"दाखवला," बाबा म्हणाले. "कोपऱ्यात पाहा म्हनलं. सारे तुलेच पाहत होते."

"मग?"

"मंग काई नाई. मी तीनदा लावला. तवा एकाले दिसला तो. सांगतलं मी, असं असं हाये म्हून. एक पोरगा म्हने, काका, हे मासोरी खातेत का? कशी किलो हाये?"

"तुम्ही काय सांगितलं?"

पलीकडं पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर.

"मी तं इचारलंच नाई," बाबा म्हणाले.